डाव्या खांद्यावरचा तिसरा तारा

मित्रांनो, मी एक जुना पितळी तारा आहे. आकाशातल्या ताऱ्यांशी माझे काही नाते नाही. ते लांब राहतात आणि त्यांना कोणी पॉलिश करत नाही. मी खांद्यावरचा तारा. लष्करी अधिकाऱ्याच्या कोटाला खांद्यावर एक पट्टी असते, तिच्यावर आमची जागा. दोन तारे असले की लेफ्टनंट, तीन असले की कॅप्टन. मी तिसरा. पहिले दोन लवकर मिळतात, म्हणून त्यांचे कोणाला कौतुक नसते. माणसे थांबतात ती माझ्यासाठी.

माझे पाचही कोपरे आता बोथट झाले आहेत. अंगावरची नक्षी केव्हाच पुसली गेली. हे कसे झाले आणि आता मला कोणी घासू नये असे मला का वाटते, ते सांगतो. जरा जवळ सरकून बसा, कारण मधला भाग मी मोठ्याने सांगणार नाही.

माझा जन्म एका भट्टीपाशी झाला. आम्ही जुळे होतो. उजव्या खांद्याचा तो आणि डाव्या खांद्याचा मी. सलाम उजव्या हाताने करतात, त्यामुळे माझा भाऊ जरा शिष्ट होता. एकाच पळीतल्या पितळेतून आम्हाला ओतले आणि कारागिराने आम्हाला पहिल्यांदा घासले तेही एकाच चिमट्यात धरून. तेव्हापासून एकाला घासले की दुसऱ्याला गुदगुल्या व्हायच्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

ज्या पलटणीत आम्ही गेलो तिथे एक जुनी रीत होती. तिसऱ्या ताऱ्यांची जोडी शक्यतो कोठारातून कोरी घ्यायची नाही. एखादा कॅप्टन मेजर झाला की त्याने आपले तिसरे तारे उतरवायचे आणि पुढच्या लेफ्टनंटच्या तळहातावर ठेवायचे. ठेवताना म्हणायचे, "माझं थांबणं संपलं, आता तुझं सुरू." मग त्या लेफ्टनंटने आम्हाला पत्र्याच्या डबीत जपायचे, रोज सकाळच्या चहानंतर घासायचे आणि वाट पाहायची. लावायचे मात्र नाही. मैदानावर नाव पुकारले जाईपर्यंत आरशासमोर गंमत म्हणूनसुद्धा लावायचे नाही.

वाट तरी किती पाहायची? पलटण म्हणजे एक जिना समजा. खालच्या पायऱ्या रुंद, वरच्या अरुंद. वरचा माणूस आणखी वर चढला, नाहीतर घरी गेला, तरच खालच्याला पाय ठेवायला जागा. लढाई नसली की कोणी हलत नाही. आणि लढाई व्हावी असे कोणाला वाटत नाही, निदान तसे कोणी बोलून दाखवत नाही. त्यामुळे ऐन उमेदीची माणसे हातात डबी घेऊन बसून राहतात. मी ज्यांच्या ज्यांच्याकडे राहिलो त्या सगळ्यांनी मला घासले. दरवेळी माझे थोडे पितळ त्यांच्या फडक्यावर गेले आणि त्यांच्यातले थोडे काहीतरी माझ्यात राहिले. ते काय, हे मला बरीच वर्षे कळले नव्हते.

मग आम्ही धाकल्यांच्या हाती आलो.

पलटणीत आले तेव्हा ते सगळ्यांत लहान होते, म्हणून सगळे त्यांना धाकले म्हणू लागले. नाव चटकन पडले, बढती मात्र अडली. कानांजवळचे केस पांढरे झाले तरी ते धाकलेच. हात मऊ होता आणि स्वभावही. ते डावखुरे होते. बाकी सगळे मला घड्याळाच्या काट्यांसारखे गोल घासत, हे बरोबर उलटे. सुरुवातीला मला चक्कर यायची. पुढे इतकी सवय झाली की तसे घासल्याशिवाय सकाळ उजाडलीशी वाटेना.

त्यांच्या बायकोला सगळी पलटण वहिनी म्हणायची. लेफ्टनंटला एक खोली मिळे, कॅप्टनला दोन, आणि कॅप्टनच्या घराला नदीकडे खिडकी असे. वहिनींचा जीव त्या खिडकीत अडकला होता.

"अहो, झाले का लाड? चहा निवतोय," त्या म्हणायच्या.

"चहा काय, दुसरा करता येतो."

"तारेही दुसरे मिळतात म्हणे कोठारात."

"ते आपले नव्हेत."

"आणि आपली खिडकी?"

"या खेपेला नक्की," धाकले म्हणायचे. "कॅप्टन झालो की पहिला चहा खिडकीत बसून."

ते 'या खेपेला' मी किती खेपा ऐकले ते सांगत नाही. त्यांच्या बरोबरीची मुले दुसऱ्या पलटणींत गेली होती आणि तिथे जागा भराभर मोकळ्या झाल्या. त्यांतला एक जण मेजर होऊन आमच्याकडे पाहुणा आला. धाकल्यांनी टाचा जुळवून त्याला सलाम ठोकला. तो म्हणाला, "अरे धाकल्या, तू अजून इथेच?" धाकले हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला इतके घासले की माझा एक कोपरा कायमचा गेला. मला राग आला नाही. मला त्यांची फार दया आली.

एका सकाळी नदी ओलांडण्याचा सराव होता. या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधून, तो धरून पलीकडे जायचे. निघायची घाई होती, म्हणून धाकल्यांनी चहा घेता घेता फक्त माझ्या भावाला घासायला काढले आणि काम अर्धे राहिले तसे त्याला सदऱ्याच्या खिशात टाकले. मी डबीतच राहिलो. वर कुठेतरी पाऊस झाला असावा. पाणी अचानक चढले. दोरावर एक नवा शिपाई भीतीने गोठून उभा राहिला, हात सोडेना की पुढे सरकेना. धाकले परत पाण्यात उतरले आणि त्याला काठाला लावले. स्वतः मात्र आले नाहीत. वळणावर त्यांची टोपी सापडली. ते सापडलेच नाहीत.

डबीत बसल्या बसल्या मी एकदम गार पडलो, एवढेच मला कळले.

यानंतर थोड्याच दिवसांत वरच्या कचेरीतून बढतीचा हुकूम आला. तिकडे धाकल्यांची बातमी पोहोचली नव्हती. मैदानावर पलटण उभी राहिली. आमच्याकडचा नियम असा की नाव पुकारले की अधिकाऱ्याने रांगेतून एक पाऊल पुढे यायचे आणि कर्नलसाहेबांनी त्याला तारे लावायचे. जो पुढे येणार नाही त्याने बढती घेतली नाही, असे धरायचे. धाकल्यांची डबी पलटणीच्या शिंप्याकडे जमा झाली होती, आणि त्या दिवशी त्याच्या हातातल्या तबकात मी एकटाच होतो. हुकूम वाचणाऱ्याने यादी आधी न पाहताच ठसक्यात पहिले नाव पुकारले. ते धाकल्यांचे होते.

रांगेत कोणी हलले नाही. वाचणाऱ्याचा चेहरा उतरला. कर्नलसाहेबांनी समोर पाहतच म्हटले, "पुढचं नाव."

मैदानाला तारेचे कुंपण होते. त्यापलीकडे सामानाची हातगाडी घेऊन वहिनी उभ्या होत्या. सरकारी खोली रिकामी करून त्या निघाल्या होत्या. त्यांनी ते नाव ऐकले आणि 'पुढचं नाव' हेही ऐकले. गाडीची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि त्या चालू लागल्या.

धाकल्यांची जागा दुसऱ्याला गेली, त्याला कोठारातले तारे मिळाले. मला शिंप्याने आपल्या खणात टाकले. तिथे तुटकी बटणे होती, खडूचे तुकडे होते आणि एक मोडकी कात्री होती. अडगळीत पडलेले पितळ काळे पडते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी काळा पडण्याची वाट पाहत होतो. विश्रांती कोणाला नको असते?

पण रोज सकाळी, लोकांचा चहा झाला की, माझ्या अंगावर एक अंगठा फिरू लागे.

खण बंद असायचा. बाहेर शिंप्याचे मशीन चालू असायचे, उन्हाची तिरीप फटीतून आत यायची, सगळे कसे नेहमीचे. आणि तो गार, ओला अंगठा मला घासायचा. गोल, उलटा. मी भ्यालो, मित्रांनो. मग मला चिमटा आठवला आणि उलगडा झाला. माझा भाऊ ज्याच्या खिशात होता तो अजून त्याला घासत होता. खाली, वाळूत बसून. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की नाव पुकारून झाले आहे.

शिंपी कधी खण उघडायचा आणि मला पाहून थबकायचा. "कोण घासतं रे तुला?" असे म्हणून तो खण लावून घ्यायचा. पुढे त्याने तो खण उघडणेच सोडले.

काही वर्षांनी एका नव्या लेफ्टनंटची पाळी जवळ आली. याला जाड भिंगांचा चष्मा होता आणि नाव पडले होते चष्मेबहाद्दर. शिंप्याने सुटकेचा निःश्वास टाकत मला डबीसकट त्याच्या हवाली केले. तळहातावर ठेवून ते शब्द म्हणणारा कोणी नव्हताच. माझ्या जोडीला कोठारातला एक कोरा उजवा तारा दिला. तो पोरगेलासा तारा माझ्याशी कधी बोलला नाही. बहुधा घाबरायचा.

चष्मेबहाद्दर मनाने चांगला, पण कामाचा आळशी. पॉलिशची डबी त्याने उघडलीही नाही. तरी मी रोज लखलखीत आणि शेजारचा कोरा तारा मळकट. डबीच्या तळाशी बारीक वाळू साठू लागली. "कोणीतरी माझी फिरकी घेतंय," असे म्हणून त्याने डबीला दोरी बांधली आणि ती पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावले. वाळू साठतच राहिली. इकडे त्याचीही बढती दरवेळी तोंडाशी येऊन हुकायची. सोबती म्हणू लागले, "तो तारा बदल बाबा. पांढऱ्या पायाचा आहे तो." मला ते लागले. माझा काय दोष?

एका सकाळी त्याने चहाचा कप बाजूला ठेवला, डबी उघडून टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घालून माझ्याकडे पाहत बसला. खिडकी उघडी होती. बाहेर कोणीतरी मोटार धूत होते. मी त्याला ओरडून सांगणार होतो की बघू नकोस, पण ताऱ्याला तोंड कुठे असते. माझ्यावर वाफ धरली, आरशावर आपण तोंडाने 'हाऽ' करून धरतो तशी. मग ती वाफ मधूनच पुसली जाऊ लागली. गोल, गोल, कडेपर्यंत. चष्मेबहाद्दराने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. तोपर्यंत मी स्वच्छ झालो होतो आणि टेबलावर वाळूचे चार कण होते.

त्याने कोणाला काही सांगितले नाही. लष्करात असले काही सांगणाऱ्याची बढती होत नाही. आधी डोळे तपासून घ्यावेत, असे त्याला वाटले. म्हणून मला खिशात घालून तो बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेला.

त्या दुकानात काचा घासायच्या कामावर वहिनी होत्या. दुकानाच्या वरच त्यांची खोली होती. तो त्यांना ओळखत नव्हता, पण त्याचा गणवेश पाहून त्या थोड्या आखडल्या.

"नंबर तोच आहे तुमचा," दुकानदाराने डोळे तपासल्यावर त्या म्हणाल्या. "काय दिसत नाही?"

"नको ते दिसतं," तो म्हणाला आणि त्याने मला त्यांच्यासमोर ठेवले. "यावर ओरखडे आहेत. कशाचे ते जरा भिंगाखाली बघता?"

वहिनींनी डोळ्याला भिंग लावले. मला त्यांचा श्वास ओळखीचा वाटला. त्या बराच वेळ वाकून होत्या.

"हा कोणाकडे होता आधी?"

"नदीत गेले त्यांच्याकडे. धाकले म्हणायचे त्यांना. का हो?"

"हा उलटा घासलाय," वहिनी म्हणाल्या. "ते डावखुरे होते. उलटाच घासायचे."

"पण हे ओरखडे ताजे आहेत."

"दिसतंय मला."

मग त्यांनी भिंग खाली ठेवले आणि सांगितले की त्या धाकल्यांच्या पत्नी. चष्मेबहाद्दर उभा राहिला. त्याने बढतीच्या दिवसाचे ऐकले नव्हते, ते त्यांनी सांगितले. रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "नाव पुकारलं आणि थांबले नाहीत हो. माणूस यायला वेळ लागतो. लांबून यायचं होतं त्यांना."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मैदानावर पलटण पुन्हा उभी राहिली. कर्नलसाहेब तेच होते, आता निवृत्तीला आलेले. या वेळी चष्मेबहाद्दराचे नाव पुकारले गेले. इतकी वर्षे डोळ्यांत प्राण आणून ज्याची वाट पाहिली ते नाव. तो एक पाऊल पुढे आला. कर्नलसाहेबांनी पांढरा हातमोजा घातलेल्या हाताने तबकातून मला उचलले. मी गार आणि ओला होतो. माझ्या टाचणीवरून वाळू ओघळली आणि त्यांच्या मोज्यावर पडली. ते मोज्याकडे पाहत राहिले.

"साहेब," चष्मेबहाद्दर हळू आवाजात म्हणाला, "हा मला लावू नका. हा धाकल्यांचा आहे. त्यांचं नाव आधी झालंय."

"नियम माहीत आहे ना? तारा नको म्हणजे बढती नको. परत रांगेच्या शेवटी जाशील."

"माहीत आहे, साहेब."

"पुन्हा किती वर्षं लागतील, सांगता येत नाही."

"मला थांबता येतं, साहेब. त्यांना मात्र आता पुरे झालं असेल."

चष्मेबहाद्दर एक पाऊल मागे गेला. हातातोंडाशी आलेला घास असा सोडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. पलटणीत कुजबुज झाली की याचे डोके फिरले.

त्याच दुपारी दुकानावरच्या खोलीच्या जिन्यावर बुटांचे आवाज आले. कर्नलसाहेब पूर्ण गणवेशात होते. त्यांच्या मागे चष्मेबहाद्दर होता. वहिनींनी दार उघडले आणि काही न विचारता त्या बाजूला झाल्या. खोली लहान, लाकडी जमिनीची. भिंतीवर धाकल्यांचा कोट टांगलेला होता, घडी न मोडलेला. दोन्ही खांद्यांवर दोन दोन तारे आणि तिसऱ्याची जागा मोकळी.

"बाई, त्या दिवशी मी थांबलो नाही," कर्नलसाहेब म्हणाले.

"नाही थांबलात," वहिनी म्हणाल्या.

कर्नलसाहेब कोटासमोर ताठ उभे राहिले आणि त्यांनी धाकल्यांचे पूर्ण नाव पुकारले, मैदानावर पुकारतात तसे. मग ते थांबले. खाली रस्त्यावर सायकलची घंटा वाजली. शेजारी कोणीतरी भांडी विसळत होते. कोपऱ्यातला नळ ठिबकत होता, तो थांबला. चष्मेबहाद्दराच्या चष्म्यावर वाफ धरली. कर्नलसाहेबांच्या कपाळावर घाम आला, तरी ते थांबले. कोणी म्हटले नाही की पुरे.

मग लाकडी जमिनीवर एक बूट वाजला. एकच पाऊल. आत पाणी भरलेला बूट वाजतो तसे.

कोणी मान वळवून पाहिले नाही. कर्नलसाहेबांनी हात पुढे केला आणि मला डाव्या खांद्यावर लावले. टाचणी अलगद शिरली. "उशीर झाला, कॅप्टन," ते म्हणाले. उजव्या खांद्यासाठी त्यांच्याकडे काही नव्हते. तिथली जागा मोकळीच राहिली. त्यांनी सलाम केला. चष्मेबहाद्दरानेही केला.

"अहो," वहिनी कोटाकडे पाहून म्हणाल्या, "ऐकलंत ना?" आणि मग मात्र त्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा केला, दोन कप. कोट खिडकीपाशी आणून टांगला. ती खिडकी नदीकडे नाही, रस्त्याकडे आहे, पण खिडकी आहे. कोट झटकताना त्यांचा हात उजव्या खांद्यावर थबकला. तिसऱ्या ताऱ्याच्या मोकळ्या जागी कापड पाच कोपऱ्यांच्या ठशासारखे दबले होते, आणि ते अजून ओलसर होते. त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि चहा निवेपर्यंत तो काढला नाही. मी अंगठ्याची वाट पाहत होतो. अंगठा आला नाही.

चष्मेबहाद्दर पुढे यथावकाश कॅप्टन झाला, कोठारातले कोरे तारे लावून. कधीमधी येतो, चष्म्याची काडी घट्ट करून घेतो आणि वर येऊन मला पाहून जातो. मी आता काळा पडलो आहे, कडेला थोडा हिरवाही. वहिनी कोट रोज झटकतात, मला मात्र फडके लावत नाहीत.

मित्रांनो, एरवी माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला पुसा, आमची निगा राखा. माझे मागणे उलटे आहे. तुमच्या घरात असा एखादा काळा पडलेला तारा असेल तर त्याला घासू नका, बऱ्याच दिवसांनी तो निजला असेल. आणि मोठे झाल्यावर कोणाचे नाव पुकारायची वेळ तुमच्यावर आली आणि समोरून कोणी आले नाही, तर लगेच पुढचे नाव घेऊ नका. जरा थांबा. तो निघालेला असतो.